अभ्यासक्रम, मिळकत आणि कर्ज : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा अनुभव

उच्च शिक्षणासाठी काढलेले कर्ज ही गुंतवणूक होय, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. थिओडोर शुल्ट्झ व गॅरी बेकर या नोबेल पारितोषिक विजेत्या अर्थतज्ज्ञांनी मांडलेल्या मानवी भांडवलाच्या सिद्धान्तानुसार, विद्यार्थी शिक्षणाचा खर्च आणि शिकत असताना बुडणारे उत्पन्न या दोहोंचा भार आज सोसतो व त्याबदल्यात पुढील आयुष्यात वाढीव मिळकत पदरात पाडून घेतो. मात्र गुंतवणूक म्हटली की परताव्याचा दर विचारणे भाग पडते आणि हा दर सर्व शाखांना सारखा नसतो. कर्जाचा हप्ता मात्र शाखा पाहत नाही. एकाच महाविद्यालयातून, एकाच वर्षी, तितकेच कर्ज घेऊन बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला तो हप्ता जाणवतही नाही व दुसऱ्याला तो वर्षानुवर्षे पेलवत नाही, असे चित्र त्यामुळे दिसते.

या विसंगतीचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे सामुदायिक महाविद्यालये, हे उत्तम उदाहरण आहे. तेथील केंद्र सरकार संस्थेतील प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची मिळकत आणि त्यांचे कर्ज यांची आकडेवारी शेजारी शेजारी मांडून प्रसिद्ध करते. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये याच नावाची योजना सुरू केली असल्याने, तेथील अनुभव भारतीय विद्यार्थ्यांनी समजून घेणे उचित ठरेल.

स्वस्त शिक्षण, तरीही कर्ज

इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ मध्ये स्थापन झाले व ते अमेरिकेतील पहिले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये अशा संस्थांचे जाळे देशभर उभारण्याची शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा रूढ झाली. शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्या जवळपास कोणालाही येथे प्रवेश मिळतो. दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी आणि काही महिन्यांची प्रमाणपत्रे, असे दोन प्रकारचे शिक्षण येथे दिले जाते. नोकरी करून अर्धवेळ शिकणारे, मुलेबाळे असलेले, घराण्यातून प्रथमच महाविद्यालयात आलेले असे विद्यार्थी येथे मोठ्या संख्येने असतात. काहींना येथून थेट कामावर जायचे असते. इतरांना पहिली दोन वर्षे येथे कमी खर्चात काढून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा असतो. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण आकडेवारीचा अर्थ लावताना तो पुन्हा आडवा येतो.

येथील शुल्क अमेरिकेच्या मानाने अल्प आहे. २०२४-२५ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यासाठी ते सरासरीने वर्षाला सुमारे ४ हजार डॉलर होते. गरीब विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारे 'पेल' अनुदान त्या वर्षी कमाल ७,३९५ डॉलर होते, म्हणजे पूर्ण अनुदान मिळणाऱ्याचे शुल्क भागून वर काही रक्कम उरते. टेनेसी राज्याने तर २०१५ पासून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन लगेच प्रवेश घेणाऱ्यांसाठी शुल्काचा प्रश्नच जवळजवळ निकालात काढला. मग कर्ज कशासाठी? घरभाडे, अन्न, प्रवास व पुस्तके धरली असता वर्षाचा एकूण खर्च सुमारे २० हजार डॉलरपर्यंत जातो. वर्गात बसण्यासाठी कामाचे तास कमी करावे लागतात, ते नुकसान आणखी वेगळे. शुल्कमाफी आणि मोफत शिक्षण या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून लक्षात येईल.

असे असले तरी या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी केंद्रीय कर्ज घेत नाहीत. घेणाऱ्यांची रक्कमही मर्यादित असते. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५०० व दुसऱ्या वर्षी ६,५०० डॉलर ही केंद्रीय कर्जाची कमाल मर्यादा आहे. वैद्यक किंवा कायद्याच्या पदवीसाठी लाख-दोन लाख डॉलरचे कर्ज काढणाऱ्या देशात ही रक्कम किरकोळ वाटावी. अडचण नेमकी येथेच सुरू होते.

लहान कर्ज, मोठी थकबाकी

न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये शिक्षण संपवून किंवा सोडून बाहेर पडलेल्या कर्जदारांचा काही वर्षे माग काढला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाच हजार डॉलरपेक्षा कमी कर्ज घेतलेल्यांपैकी ३४ टक्के कर्जदार थकबाकीदार झाले होते. एक लाख डॉलरपेक्षा अधिक कर्ज घेतलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. याच वर्षी अ‍ॅडम लूनी व कॉन्स्टंटाइन यानेलिस या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले की, थकबाकीतील वाढ मुख्यत्वे नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्था आणि दोन वर्षांची महाविद्यालये यांच्या कर्जदारांमुळे झाली होती.

याचा उलगडा सोपा आहे. मोठे कर्ज घेणारा बहुधा वरिष्ठ पदवीपर्यंत पोहोचलेला असतो व त्याची मिळकतही त्या मानाने असते. कमी कर्ज घेणाऱ्यांत एक-दोन सत्रांनंतर शिक्षण सोडून दिलेले अनेक जण असतात. कम्युनिटी कॉलेजात पूर्ण वेळ प्रवेश घेणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांपैकी तीन वर्षांत तेथील अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश आहे. उरलेल्यांपैकी काही दुसऱ्या संस्थेत जातात, परंतु पुष्कळांच्या हाती पदवी येत नाही आणि कर्ज मात्र राहते. केंद्रीय कर्ज थकले की न्यायालयात न जाता वेतनातून १५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापून घेण्याचा अधिकार कायद्याने तेथील सरकारला दिला आहे. शिवाय थकबाकीदारास पुन्हा केंद्रीय अनुदान वा कर्ज मिळत नाही. अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करून मिळकत वाढविण्याचा जो एक मार्ग त्याच्यासमोर असतो, तोच अशा रीतीने बंद होतो. कर्जाच्या आकारावरून त्याच्या ओझ्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तपासली असती तरी पुष्कळ चर्चा वाचली असती.

एकाच आवारातील भिन्न मिळकती

अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे पुढे काय होते? अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार २०२३ मध्ये पूर्ण वेळ काम करणाऱ्या, २५ वर्षांवरील व्यक्तींचे साप्ताहिक मध्यक वेतन केवळ शालान्त शिक्षण असलेल्यांसाठी ८९९ डॉलर, असोसिएट पदवीधारकांसाठी १,०५८ डॉलर आणि चार वर्षांच्या पदवीधरांसाठी १,४९३ डॉलर होते. मध्यक म्हणजे निम्म्या व्यक्ती ज्याच्या वर व निम्म्या ज्याच्या खाली असतात ते मूल्य. दोन वर्षांच्या पदवीमुळे वेतनात सुमारे १८ टक्क्यांची भर पडते, असे यावरून वरवर पाहता म्हणता येईल. थॉमस केन व सेसिलिया राउस यांनी १९९५ मध्येच दाखवून दिले होते की, एका वर्षाच्या अभ्यासाने मिळकतीत होणारी वाढ ४ ते ६ टक्क्यांची असते आणि ती दोन वर्षांच्या महाविद्यालयात व चार वर्षांच्या विद्यापीठात जवळपास सारखीच असते.

परंतु सरासरी हा आकडा फसवा असतो. त्याच वर्षाची व्यवसायनिहाय आकडेवारी घेतली तर परिचारिकांचे वार्षिक मध्यक वेतन ८६,०७० डॉलर होते. डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दंतवैद्याकडे दात स्वच्छ करण्याचे प्रशिक्षित काम करणारे, यांचे ८७,५३० डॉलर होते. पूर्वप्राथमिक शिक्षकांचे वेतन होते ३७,१३० डॉलर. या तिन्ही व्यवसायांकडे जाणारा रस्ता कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीतून जातो. (परिचारिकांत चार वर्षांची पदवी घेतलेल्यांचाही समावेश आहे, हे मान्य करावयास हवे.) एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर शिकणाऱ्या, तेवढेच शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भावी वेतनात दुपटीहून अधिक अंतर असते.

केंटकी राज्यातील कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जेपसन, ट्रोस्के व कूम्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षणापूर्वीच्या व शिक्षणानंतरच्या मिळकतीची तुलना करता, पदवी वा पदविकेमुळे स्त्रियांच्या तिमाही मिळकतीत सुमारे २,४०० डॉलरची व पुरुषांच्या मिळकतीत सुमारे १,५०० डॉलरची भर पडली. अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांमुळे पडलेली भर जेमतेम ३०० डॉलरच्या आसपास होती. स्त्रियांना अधिक लाभ का झाला, याचे उत्तरही शाखेत सापडते. आरोग्यसेवेच्या अभ्यासक्रमांना परतावा अधिक असतो आणि तेथे स्त्रियांची संख्या मोठी असते.

मग सर्वांनीच परिचर्या निवडावी काय? येथे पुरवठ्याची बाजू विचारात घ्यावी लागते. महाविद्यालयाचा प्रवेश खुला असला तरी परिचर्या विभागाचा नसतो. जीवशास्त्र, शरीररचनाशास्त्र असे पूर्वअभ्यासक्रम चांगल्या गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागतात, रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या जागा मोजक्याच असतात, शिकविणाऱ्यांची वानवा असते आणि शेवटी राष्ट्रीय परवाना परीक्षा द्यावी लागते. वेतन जास्त असण्याचे एक कारण हे दार अरुंद असणे, हेच आहे. ते सताड उघडले तर वेतन तेवढेच राहील, अशी खात्री कोणी देऊ नये.

कर्ज मोजण्याच्या दोन कसोट्या

एखाद्या अभ्यासक्रमासाठी कर्ज देणे योग्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी अमेरिकेत दोन कसोट्या विकसित झाल्या. पहिली कसोटी कर्ज व मिळकत यांच्या गुणोत्तराची आहे. कर्जाचा वार्षिक हप्ता पदवीधराच्या वार्षिक मिळकतीच्या ८ टक्क्यांहून, किंवा जीवनावश्यक खर्च वगळून उरणाऱ्या मिळकतीच्या २० टक्क्यांहून अधिक नसावा, असा तिचा आशय आहे. हा नियम २०११ मध्ये आला, न्यायालयात अडकला, २०१४ मध्ये नव्याने आला, २०१९ मध्ये रद्द झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू करण्यात आला. सत्तांतराबरोबर नियम कसा हेलकावे खातो, याचा हा नमुनाच आहे. त्याचा रोख मुख्यतः नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांवर होता. सार्वजनिक महाविद्यालयांचे केवळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्याच्या कक्षेत येत.

दुसरी कसोटी मिळकतीतील वाढीची आहे. पदवीधराची मिळकत त्याच राज्यातील, फक्त शालान्त शिक्षण झालेल्या तरुण कामगाराच्या मध्यक मिळकतीपेक्षा अधिक असली पाहिजे, असे ती सांगते. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ही कसोटी सार्वजनिक संस्थांच्या पदवी अभ्यासक्रमांनाही लावली व अंमलबजावणीसाठी १ जुलै २०२६ ही तारीख ठरविली. तीनपैकी दोन वर्षे अनुत्तीर्ण ठरलेल्या अभ्यासक्रमासाठी केंद्रीय कर्ज मिळत नाही, अशी त्यात तरतूद आहे.

या दोन कसोट्या भिन्न निष्कर्ष देतात. समजा, एका विद्यार्थिनीने १० हजार डॉलर कर्ज घेतले. व्याजदर साडेपाच टक्के व मुदत १० वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे १०९ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे १,३०० डॉलर येतो. ती डेंटल हायजिनिस्ट झाली तर हा हप्ता वेतनाच्या दीड टक्का होईल. पूर्वप्राथमिक शिक्षिका झाली तर तो साडेतीन टक्के होईल. पहिल्या कसोटीवर दोन्ही अभ्यासक्रम सहज उत्तीर्ण होतात, कारण कम्युनिटी कॉलेजातील कर्ज मुळातच कमी असते. आता दुसरी कसोटी लावून पाहू. शालान्त शिक्षण असलेल्यांचे वर उल्लेखिलेले ८९९ डॉलर साप्ताहिक वेतन वर्षाला सुमारे ४६,७०० डॉलर होते. पूर्वप्राथमिक शिक्षिकेचे वेतन त्याहून साडेनऊ हजारांनी कमी आहे. कायद्यातील तुलना राज्यनिहाय व २५ ते ३४ या वयोगटापुरती असल्याने नेमका आकडा वेगळा येईल, तथापि दिशा स्पष्ट आहे. कर्ज फेडता येण्याजोगे आहे, पण ज्यासाठी ते काढले त्या पदवीने मिळकत वाढवली नाही, अशी ही स्थिती होय.

प्रस्तुत लेखकाच्या मते ही माहिती विद्यार्थ्यास मिळालीच पाहिजे, परंतु तिच्या आधारे अभ्यासक्रमास शिक्षा करताना सावधगिरी हवी. पूर्वप्राथमिक शिक्षिकेचे वेतन कमी आहे ते तिचे शिक्षण निकृष्ट असल्यामुळे नव्हे. तरुण पालकांची ऐपत आणि सरकारची तरतूद या दोन मर्यादांत ते अडकलेले असते. आपल्याकडील अंगणवाडी सेविकांच्या मानधनाचा प्रश्न ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. लहान मुलांच्या संगोपनाचा लाभ संपूर्ण समाजाला मिळतो, पण त्याचे मूल्य बाजारातील वेतनात उतरत नाही. अर्थशास्त्रात यास बाह्य लाभ म्हणतात.

आकडे वाचताना

अमेरिकेच्या शिक्षण विभागाचे 'कॉलेज स्कोअरकार्ड' २०१५ मध्ये मिळकतीच्या आकड्यांसह प्रसिद्ध झाले आणि २०१९ पासून त्यात अभ्यासक्रमनिहाय तपशील येऊ लागला. विद्यार्थ्यांच्या केंद्रीय साहाय्याच्या नोंदी कर विभागातील मिळकतीच्या नोंदींशी जुळवून हे आकडे तयार होतात. महाविद्यालयाने स्वतः भरून पाठविलेल्या माहितीपेक्षा ते म्हणूनच विश्वसनीय आहेत. तथापि ज्यांनी केंद्रीय अनुदान वा कर्ज घेतले तेच विद्यार्थी त्यात मोजले जातात. विद्यार्थिसंख्या अल्प असल्यास गोपनीयतेसाठी आकडा दिला जात नाही, त्यामुळे छोट्या विभागांच्या रकान्यात बहुधा काहीच नसते.

त्याहून महत्त्वाची अडचण कला शाखेबाबत आहे. कम्युनिटी कॉलेजातील सामान्य कला शाखेची पदवी ही प्रामुख्याने विद्यापीठात जाण्याची पायरी होय. शाखानिहाय मिळकत मोजताना जे त्या वेळी अन्यत्र शिकत आहेत त्यांना वगळले जाते. म्हणजे पुढे शिक्षण चालू ठेवणारे या गणनेतून निसटण्याची शक्यता अधिक असते व मधेच थांबलेल्यांचे वेतन त्या शाखेच्या नावावर जमा होते. शाखेचा परतावा कमी आहे, की शाखेतील ज्यांचे मोजमाप झाले ते विद्यार्थीच वेगळे आहेत? संख्याशास्त्रात यास निवडीचा दोष म्हणतात. अभियांत्रिकीचा विद्यार्थी कला शाखेत गेला असता तर त्याने किती मिळवले असते हे कोणासच दिसत नाही, त्यामुळे दोन शाखांच्या वेतनातील संपूर्ण फरक शिक्षणामुळेच पडला असे मानणे शास्त्राला धरून होणार नाही.

भारताच्या संदर्भात

भारतात कम्युनिटी कॉलेजची कल्पना १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठात आणि १९९६ मध्ये चेन्नईत रुजली. आयोगाची २०१३-१४ ची योजना व २०१४ पासूनचा व्यवसाय शिक्षणातील पदवीचा, म्हणजे बी. व्होक.चा, अभ्यासक्रम हे तिचे पुढील टप्पे होत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक वर्षानंतर प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय ठेवली आहे. केंटकीतील प्रमाणपत्रांचा परतावा पाहता, एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास बाजारात काय मिळते, याची नोंद ठेवणे आपल्यासाठीही अगत्याचे आहे.

शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ मध्ये आखली. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. २००९ पासून, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या व तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रमात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी परतफेड स्थगितीच्या काळातील व्याजाचा भार केंद्र सरकार उचलते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेस मान्यता दिली. तिच्याखाली साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास ७५ टक्के पतहमी आहे व आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. ही व्याज सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे.

या योजनेसाठी प्रारंभी मानांकनाच्या आधारे ८६० संस्था पात्र ठरविण्यात आल्या. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४५,४७३ महाविद्यालये होती. जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील विद्यार्थी बहुतांशी या यादीबाहेर राहतो, हा एक भाग झाला. निकष संस्थेच्या दर्जाचा आहे, अभ्यासक्रमाच्या फलिताचा नाही, हा दुसरा व अधिक मूलभूत भाग होय. अमेरिकेतील आकडे सांगतात ते हेच की, मोठी तफावत संस्थेच्या आत, शाखाशाखांमध्ये असते.

आता अमेरिकेतील पहिली कसोटी आपल्याकडे लावून पाहू. चार लाख रुपयांचे कर्ज, व्याजदर साडेदहा टक्के व मुदत १० वर्षे असे गृहीत धरल्यास मासिक हप्ता सुमारे ५,४०० रुपये येतो. वर्षाचे होतात सुमारे ६४,८०० रुपये. ही रक्कम मिळकतीच्या ८ टक्क्यांच्या आत बसायची तर पदवीधराची वार्षिक मिळकत सुमारे ८ लाख १० हजार रुपये असावी लागेल. महिना २० हजारांची नोकरी मिळालेल्या तरुणाच्या वेतनातील २७ टक्के या हप्त्यात जातील. मुदत १५ वर्षे केली तर हप्ता सुमारे ४,४२० रुपयांवर येतो, पण एकूण परतफेड साडेसहा लाखांवरून जवळपास आठ लाखांवर जाते. तारणाशिवाय मिळणारे म्हणून ज्यास आपण लहान कर्ज समजतो, ते मिळकतीच्या तुलनेत कम्युनिटी कॉलेजच्या कर्जाहून कितीतरी जड आहे. अमेरिकेत मिळकतीनुसार हप्ता ठरविण्याचे पर्याय निदान उपलब्ध आहेत. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून परतफेड मिळकतीशीच जोडली आणि ती कर विभागामार्फत होते. आपल्याकडे हप्ता स्थिर असतो व पहिली नोकरी मिळण्यास किती काळ लागतो याची तो वाट पाहत नाही. स्थगितीचा काळ अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाचा असतो, एवढाच काय तो दिलासा.

शाखानिहाय मिळकतीची विश्वसनीय आकडेवारी मात्र आपणाकडे प्रसिद्ध होत नाही. आवर्ती श्रमबल सर्वेक्षणात शिक्षणाची पातळी आणि तांत्रिक शिक्षण यांची नोंद होते, परंतु कला शाखेच्या पदवीधराने इतिहास घेतला होता की अर्थशास्त्र, हे त्यातून कळत नाही. २०२१-२२ मध्ये पदवी स्तरावरील ३४ टक्के विद्यार्थी कला शाखेत होते, हे पाहता ही उणीव लहान नव्हे. राष्ट्रीय मानांकनासाठी संस्था आपल्या पदवीधरांचे मध्यक वेतन कळवितात, पण ती संस्थांनी स्वतः दिलेली माहिती असते व नोकरी मिळालेल्यांपुरती असते.

विद्यार्थ्यांच्या नोंदी भविष्य निर्वाह निधी वा प्राप्तिकराच्या नोंदींशी, ओळख उघड न करता, जुळविणे तंत्रदृष्ट्या अशक्य नाही. अमेरिकेने हेच केले. परंतु आपल्या पदवीधरांपैकी पुष्कळ जण खासगी शिकवणीत, दुकानात, घरच्या शेतीवर वा स्पर्धा परीक्षांच्या तयारीत असतात आणि त्यांचे नाव यांपैकी कोणत्याच नोंदवहीत नसते. केवळ नोंदणीकृत नोकरदारांचे मध्यक वेतन काढले तर प्रत्येक शाखा प्रत्यक्षाहून अधिक लाभदायक दिसेल, आणि ज्या शाखेतील सर्वांत कमी पदवीधर संघटित क्षेत्रात पोहोचतात तिचे चित्र सर्वांत अधिक फुगवलेले असेल. म्हणून अशा प्रत्येक आकड्याशेजारी, त्या शाखेतील एकूण किती पदवीधरांची मिळकत नोंदींत सापडली, हे प्रमाणही छापले जाणे आवश्यक आहे.